विसरलेली ठेव

कर्ता माणूस गेला, दिवस झाले, पाहुणे परतले, म्हणजे पुढे केव्हातरी त्याची ट्रंक उघडली जाते. तळाशी एखादे पिवळे पडलेले पासबुक निघते. शेवटची नोंद पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. घरातली मंडळी म्हणतात, "आता कसले मिळतात! सरकारजमा झाले असतील." आणि पासबुक पुन्हा ट्रंकेत जाते.

हा समज चुकीचा आहे, आणि तो महागात पडतो.

खात्यावर दोन वर्षे देवघेव झाली नाही तर बँक ते निष्क्रिय ठरवते. दहा वर्षे तसेच राहिले, किंवा मुदत संपल्यावर दहा वर्षे ठेवीकडे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली उभारलेल्या निधीत जाते. जागा बदलली, मालक बदलला नाही. ठेवीदाराने किंवा त्याच्या वारसाने केव्हाही मागावी. बँकेने ती द्यायचीच आहे. व्याजी खाते असेल तर ठरलेल्या दराने व्याजही मिळते.

मग शोधायचे कसे? रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. खातेदाराचे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख यांसारखी एखादी खूण दिली, की अनेक बँकांतली बेवारस ठेव एकाच ठिकाणी पाहता येते. पैसे मात्र तेथे मिळत नाहीत; ते त्या त्या बँकेच्या शाखेतच मागावे लागतात. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि तुमची ओळखपत्रे बरोबर न्या. खात्याला नामनिर्देशन असेल तर काम सोपे होते. नसेल तर वारसाचे कागद लागतात. एक ध्यानात ठेवा, नाव लावलेला माणूस पैसे घेतो, पण मूळ वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

जुने शेअर असतील तर वाट निराळी. सात वर्षे न उचललेला लाभांश, आणि त्याबरोबर शेअरही, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तेही अर्ज करून परत मिळतात.

विम्याच्या बाबतीत मात्र घाई करा. दहा वर्षे पडून राहिलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, आणि तेथून पंचवीस वर्षांत कोणी मागितली नाही, तर मग ती खरोखरच सरकारची होते.

आता कोणी दारी येऊन म्हणेल, "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी एवढी फी भरा." त्याला खुशाल वाटेला लावा. 'उद्गम'वर शोध घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि फोनवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगायचा नसतो.

मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही, असे आपण म्हणतो. मग बँक कशी वाढील? तेव्हा जुनी पासबुके, ठेवपावत्या, विम्याचे कागद एकदा उन्हात काढा. आणि तुमची स्वतःची खाती कोठे कोठे आहेत, ते एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवून ठेवा. कित्येक घरांत नवऱ्याचे खाते कोणत्या बँकेत आहे हे बायकोला ठाऊक नसते. हे काम आजच्या आज होण्यासारखे आहे.