यादी गावासमोर वाचा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण कृष्णा-पंचगंगेच्या काठचे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं 45 फूट. तुम्ही तेव्हा शाळेत होता. धान्याची पोती माळ्यावर चढवलीत, जनावरांची दावी सोडलीत. महापूर काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते पाणी ओसरल्यावरच्या चार-सहा आठवड्यांबद्दल. कुणाचं घर पुन्हा उभं राहणार आणि कुणाचं नाही, ते तेव्हा ठरतं.

ठरतं पंचनाम्यात. तलाठी येतात, ग्रामसेवक येतात, पंचांच्या सह्या होतात. ही माणसं बहुतेकदा स्वतःच थकलेली असतात, एकेकाकडे कित्येक गावं असतात. पण कागद विचारतो घरमालकाचं नाव. पिकाची भरपाई जाते सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. मग वाट्यानं जमीन कसणाऱ्यानं कुठं जायचं? भाड्याच्या खोलीत शिलाई मशीन बुडालेल्या बाईनं? घराचा नमुना आठचा उतारा अजून सासऱ्याच्या नावावर असलेल्या विधवा सुनेनं? 2019 मध्ये मोफत गहू-तांदळाच्या आदेशातही परिसर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असल्याची अट होती. लोकांचा संताप झाला आणि तो रास्तच होता.

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मी पाहिलेलं सांगतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मदत मिळणाऱ्यांची यादी लागली होती. बचत गटाच्या बायका ती मोठ्यानं वाचत होत्या आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी वहीत लिहून घेत होती. मग त्या गल्लीगल्लीतून फिरल्या. भिंतीवर चिखलाची रेघ अजून ओली होती. मुलगी टेप लावून उंची मोजायची, घरात राहतं कोण ते लिहायची, मालक कोण ते वेगळ्या रकान्यात. शेजारच्या दोघांची सही किंवा अंगठा. यादीत नसलेली घरं या वहीतून उघडी पडली, आणि भाडेकरूंची नावं घेतल्याशिवाय ग्रामसभा उठायची नाही असं त्यांनी बसून ठरवलं. गावात कटुता आली. एका मालकानं भाडेकरूला खोली सोडायला सांगितली. तेव्हा याच बायका त्याच्या दारात जाऊन बसल्या. न्याय्य पुनर्वसन म्हणतात ते असं, शेजाऱ्याशी वाईटपणा घेऊन करावं लागतं.

बायकांनी असं पुढं होणं आपल्याकडे नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या सुमारे 1,200 गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम झाला. त्यात महिला मंडळांमधल्या बायकांना संवाद सहायक नेमलं गेलं. सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा गोपालन आणि त्यांचे सहकारी या बायकांच्या पाठीशी होते. या बायका अनुदानाचा हप्ता आणि बांधकामाची पद्धत घरोघरी समजावत, काम कसं चाललंय ते बघत. पुढे 2001 मध्ये भूज हादरलं, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. तज्ज्ञ म्हणून त्यांना कुणी पदवी दिली नव्हती, पण त्या तज्ज्ञच होत्या.

चिपळूणकरांनी वेगळी वाट धरली. 22 जुलै 2021 ला शहर बुडालं आणि त्याच डिसेंबरात चिपळूण बचाव समितीनं वाशिष्ठी-शिव नद्यांतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण मांडलं. ते आठवड्यामागून आठवडे चाललं. मदत पदरात पडल्यावर घरी बसणं सोपं होतं. ही माणसं कारणापर्यंत गेली, याचं मला फार मोल वाटतं.

तुमच्यातलं कुणी उद्या तलाठी होईल, कुणी बँकेत कर्जाच्या फायली बघेल, कुणी निळ्या-लाल पूररेषा आखणाऱ्या खात्यात इंजिनिअर असेल. त्या खुर्चीत असताना दारात आलेल्या माणसाकडे कागद नसेल, तर त्याच्या शेजाऱ्यांना बोलावून विचारा.

आणि तोवर एक काम आहे. पूर येतो जुलै-ऑगस्टात, आणि 1 मेची ग्रामसभा त्याच्या आधी भरते. नदीकाठच्या घरांत प्रत्यक्ष कोण राहतं, जमीन प्रत्यक्ष कोण कसतं, याची यादी त्या सभेत वाचून मंजूर करून घ्या. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून लेखी अर्ज आधीच द्या, पोच घ्या. अर्जावर पहिल्या सह्या भाडेकरूंच्या आणि वाटेकऱ्यांच्या असू द्या.