धोट्याच्या नेढ्यातून



आपण या खुर्चीला कसे अपात्र आहोत हे संमेलनाच्या अध्यक्षाने आधी सांगायचं, अशी रीत आहे. ते सांगून झालं असं समजा. कारण टेबलावर ठेवलेल्या या वस्तूकडे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं लक्ष मघापासून लागलेलं मला दिसतंय.

हा मागाचा धोटा. दीड वीत लांब, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. मोडीत निघालेला हा धोटा त्यांनी कधीतरी घरी आणला आणि आम्ही पोरं त्याची होडी करून खेळलो. १९८२ च्या संपानंतर वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. होडी मात्र घरात राहिली.

याच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक या बाजूच्या नेढ्यातून बाहेर काढायचं. कसं? नेढ्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. सूत ओठांवर येतं, त्याच्याबरोबर कापसाचे तंतू घशात जातात. पाळीभर हेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी.

म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याला. एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्याचं दार बंद होतं. त्याला काम मिळायचं ते त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, तेही कमी पगारावर. आणि हे दार एकट्या मालकाने लावलेलं नव्हतं. आतून कडी घालणारे हात कामगारांचेच होते. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, लाल बावट्याची युनियन उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना याच दाराबद्दल विचारलं होतं. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिलं. तो विचार मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यामागे हा धोटा दिसतो.

आता सिद्धांताकडे येतो. मार्क्सने वर्गाची ओळख पगारावरून किंवा राहणीवरून केली नाही. उत्पादनाची साधनं कोणाच्या हातात आहेत आणि विकायला आपल्या श्रमाशिवाय दुसरं काही नाही असा कोण आहे, हा त्याचा प्रश्न. कायदा, धर्म, कला हे सगळं या पायावर उभं राहतं, असं त्याचं म्हणणं. मराठी साहित्याला हा प्रश्न लालजी पेंडसे यांनी १९३५ साली ‘साहित्य आणि समाजजीवन’ लिहून विचारला. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कला की जीवन’ हा वाद आपण शाळेपासून घोकतो. त्या वादात राहून गेलेला प्रश्न मार्क्सवाद्यांनी विचारला: जीवन म्हणता, पण कोणाचं? त्या एका प्रश्नाचं ऋण मी आजही मानतो.

पुढे मात्र त्या प्रश्नाची फूटपट्टी झाली. कथेच्या शेवटी संप आहे का? नायक वर्गजाणिवेने पेटतो का? पंचविशीत मी स्वतः एका अनियतकालिकात परीक्षणं लिहायचो. एका फार चांगल्या कथेला मी ‘पराभूत मनोवृत्तीची’ म्हणून निकालात काढलं होतं. त्या कथेतला म्हातारा कामगार शेवटी मोर्चाला न जाता नातवाला घेऊन झोपतो, एवढाच तिचा गुन्हा. आज त्या परीक्षणातला एक शब्द आठवत नाही, पण तो म्हातारा आठवतो.

गंमत अशी की फूटपट्टी वापरणाऱ्यांनी एंगेल्स नीट वाचलेला नव्हता. १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या कादंबरीकार बाईंना त्याने पत्र लिहिलं. त्यांच्या कादंबरीतले लंडनचे कामगार अगदीच निमूट दिसतात, अशी त्याची तक्रार होती. पण त्याच पत्रात त्याने सांगितलं की लेखकाची मतं जितकी झाकलेली राहतील तितकं कलाकृतीचं भलं. आणि दाखला दिला बाल्झाकचा. बाल्झाक राजेशाहीचा कैवारी, त्याची सगळी माया मरू घातलेल्या सरदारवर्गावर. तरीही त्या वर्गाचा ऱ्हास त्याच्याइतका निर्दयपणे कोणी रंगवला नाही, कारण त्याचा डोळा त्याच्या मतांपेक्षा प्रामाणिक होता. दोन वर्षांनी जोसेफ ब्लॉखला लिहिताना एंगेल्सने हेही कबूल केलं की आर्थिक बाजूवर नको इतका जोर दिला जातो, त्यात थोडा दोष मार्क्सचा आणि आपलाही आहे. आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांनी असं पत्र लिहिलंय? असो.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण साहित्य सिद्धांतावर तपासत आलो, पण मराठीत खरं काम उलट्या दिशेने झालं. साहित्याने सिद्धांत तपासला.

अण्णा भाऊ साठे कम्युनिस्ट पक्षाचे माणूस. १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पण १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली, तेव्हा नायक गिरणी कामगार नव्हता. तो दुष्काळात धान्य लुटून माणसं जगवणारा मांग होता, आणि पुस्तक अर्पण केलं होतं आंबेडकरांच्या लेखणीला. नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून घरी नेणारा गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होता. पोराची जात विचारायला त्याच्याकडे कोणी नव्हतं आणि त्यानेही ती शोधली नाही. सुर्व्यांच्या कवितेत सगळे कामगार एका घरातले वाटतात, ते मला या घरातून आलेलं दिसतं.

आणि त्याच्या अगदी समोर बाबुराव बागूल. १९६३ चं ‘जेव्हा मी जात चोरली होती’. त्यातल्या शीर्षककथेत रेल्वेतला कामगार जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडल्यावर सोबतचीच माणसं त्याला मारतात. सुर्वे खरे की बागूल? दोघंही खरे. गंगाराम होता आणि साचेखात्याची कडीही होती. सिद्धांताला हे दोन्ही एका वेळी धरायला जड गेलं. दलित पँथर १९७२ साली जन्मली आणि थोड्याच काळात मार्क्स की बुद्ध यावर नामदेव ढसाळ आणि राजा ढाले वेगळे झाले. शरद पाटलांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर एका सूत्रात ओवायला हयात घालवली. त्यांची भाषा अवघड आहे, तरी वाचा.

आता माझ्या आईबद्दल. संपानंतर घर चाललं ते तिच्या खाणावळीवर. अकरा माणसांचे डबे, दोन वेळा. युनियनच्या वहीत वडिलांचं नाव होतं, आईचं नव्हतं. तिच्या स्टोव्हला कोणी उत्पादनाचं साधन म्हटलं नाही. अशा खाणावळवाल्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली होती, पण आमच्या शिबिरांत तिचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही.

गिरण्या गेल्या. आज महाराष्ट्रातला श्रमिक बघायचा तर बीडकडून पश्चिमेला निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, ती फेडतात दोघं. पहाटे उठून भाकरी थापून फडात जाते ती बाई, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते तीही बाई, आणि हिशेबात ती अर्धा कोयता. हे आपल्या पोथीत कुठे बसतं, याची चर्चा उद्याच्या परिसंवादात होईलच. पण ते लिहायचं कोणी? पालावर जन्मलेल्या, आता कॉलेजात असलेल्या मुली लिहू लागल्या आहेत. त्यांतली एकही आज या मंडपात नाही. संयोजकांनी बोलावलं नाही असं नाही. बोलावलं होतं. पण हे दिवस हंगामाचे. एक जण आईबरोबर फडावर आहे, दुसरी गावी धाकट्या भावंडांना सांभाळते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने कार्यकारिणीकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती ठरावात घालावी. पुढचं संमेलन दिवाळी ते मार्च या काळात घेऊ नका. कारखान्यांचा पट्टा पडू द्या, माणसं गावी परतू द्या, मग घ्या. मे महिन्यात ऊन फार असतं, मंडपाला पंखे जास्त लागतील. त्याची वर्गणी पहिली माझी.