चातुर्मासाचा नेम : एका लेकराचा स्वेटर

(मुहर्रक येथील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बाहेर पारा चाळिशीला टेकला आहे आणि मी लोकरीबद्दल बोलायला उभी राहिले आहे. आपण हसलात, बरे वाटले! पण थंडीचा स्वेटर थंडीत विणायला घेतला, तर तो पुढच्या थंडीतच कामाला येतो. आषाढी एकादशी जवळ आली आहे. चातुर्मासात आपण काही ना काही नेम धरतोच. यंदा एक स्वेटर विणण्याचा नेम धरावा, एवढेच मागायला मी आले आहे.

स्वेटर कोणासाठी, ते आधी सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि त्यांच्याबरोबर घरची लहान मुले. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे अशा जिल्ह्यांत साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, या मुलांचे घर म्हणजे कोपी. चार काठ्या, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. पहाटे अंधारातच आईबाप फडात जातात. मूल एक तर त्यांच्याबरोबर थंडीवाऱ्यात गाडीत बसते, नाहीतर कोपीपुढच्या शेकोटीजवळ. काही ठिकाणी साखरशाळा आहेत, पण शाळेची वेळ होईपर्यंत ऊब शेकोटीचीच.

आता वैद्यकीय बोलते. माझी बरीच नोकरी ग्रामीण रुग्णालयात झाली. थंडीच्या दिवसांत भाजलेली मुले यायची. चूल, शेकोटी, उकळते पाणी ही कारणे ठरलेली. त्यात अंगावरचा कपडा कशाचा आहे, याने फार फरक पडतो. दुकानात आपण ज्याला सरसकट 'लोकर' म्हणतो, त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे सूत असते. ते स्वस्त, रंगीत आणि धुवायला सोपे. पण ठिणगी पडली की ते पेट घेते, वितळते आणि वितळलेले सूत कातडीला चिकटते. मेंढीची खरी लोकर सहजासहजी पेटत नाही. पेटलीच तर धुमसते आणि ज्वाळेपासून दूर नेली की बहुधा विझते. शिवाय ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. पहाटेच्या दवात हा गुण मोठाच.

म्हणून आपल्या उपक्रमात शंभर टक्के लोकरच घ्यावी. वेष्टनावर तसे लिहिलेले असते. सुटा गुंडा घरात पडून असेल तर त्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत, पाणी हाताशी ठेवून, पेटवून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. अ‍ॅक्रिलिकचा कडक काळा गोळा होतो. घरात नातवंडे असतील तर ही परीक्षा मोठ्यांनीच करावी.

आता नक्षीबद्दल. दोराच्या पिळाची नक्षी मी मुद्दाम सुचवते आहे. पीळ घातला की तिथे विणीचे दोन थर एकमेकांवर येतात, त्यात हवा कोंडून राहते आणि ऊब वाढते. छातीवर असे तीन पीळ पुरेत. आणि दोर म्हटला की मुहर्रकच्या माणसाला वेगळे काय सांगायचे? एकेकाळी या गावाचे पोट मोत्यांवर चालत होते. उन्हाळ्याचे जवळजवळ चार महिने गलबते समुद्रात असत. पाणबुड्या खाली जाई आणि वर एक जण त्याचा दोर हातात धरून बसे. दोराला हिसका बसला की वर ओढायचे. तेच मोती पुढे मुंबईच्या बाजारात जात. २०१२ साली युनेस्कोने या मोत्यांच्या वारशाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. सकाळी फिरायला जाता, तेव्हा त्या जुन्या घरांवरूनच आपण जातो.

आता प्रत्यक्ष विणकाम. साधारण सहा वर्षांच्या मुलाचे माप धरू. विणून झाल्यावर छातीचा घेर ६८ सेंमी, उंची ४२ सेंमी आणि बाही काखेपासून ३० सेंमी असावी. मध्यम जाडीची लोकर आणि चार मिलीमीटरच्या सुया घेतल्या, तर दहा सेंमीत सुमारे २२ टाके बसतात. आपला हात घट्ट की सैल, हे आधी छोटा तुकडा विणून मोजून घ्यावे. मागच्या बाजूला ७५ टाके घालून एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर करावी आणि पुढे साधे विणावे. पुढच्या बाजूलाही ७५ टाकेच घालायचे, पण बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत सहा टाके वाढवून ८१ करायचे. कारण पीळ रुंदी खातो. टाके वाढवले नाहीत तर पुढची बाजू आखूड होते आणि स्वेटर छातीवर ताणला जातो.

प्रत्येक पीळ सहा सुलट टाक्यांचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके उलट. दर आठव्या ओळीला, सुलट बाजूने, पहिले तीन टाके तिसऱ्या छोट्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, नंतरचे तीन विणायचे आणि मग सुईवरचे तीन विणायचे. सुई पुढे धरली की पीळ डावीकडे वळतो, मागे धरली की उजवीकडे. ओळी लक्षात राहत नसतील तर वाटीत आठ मणी ठेवा आणि प्रत्येक ओळीला एक बाहेर काढा. जपाची सवय असलेल्यांना हे सोपे जाईल. साडेतीनशे ग्रॅम लोकर हाताशी असावी.

तीन गोष्टी मात्र विसरू नयेत. पहिली, गळा. या वयात डोक्याचा घेर सुमारे ५१ सेंमी असतो. गळा तेवढा ताणला गेला पाहिजे, नाहीतर मूल तो स्वेटर घालणारच नाही. दुसरी, लोंबते बंद, गोंडे आणि मणी नकोत. ते शेकोटीत जातात, नाहीतर तोंडात. तिसरी, धुणे. खरी लोकर गरम पाण्यात घालून दगडावर आपटली की आटते. यंत्रात धुता येणारी लोकर मिळाली तर उत्तम. नाहीतर माप थोडे सैल ठेवा, बाही चार सेंमी जास्त विणून दुमडा आणि बरोबर मराठीत चिठ्ठी लिहा : 'गार पाण्यात हलक्या हाताने धुवावे, सावलीत पसरून वाळवावे.' त्याच चिठ्ठीत हेही लिहा : 'भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी, चिकटलेला कपडा ओढू नये, लगेच दवाखाना.' एवढ्या दोन ओळींनीही एखादे मूल वाचेल.

आपल्या हातांचीही काळजी घ्या. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे उघडा-मिटा. संधिवात असेल तर बांबूच्या सुया हलक्या पडतात. मोतीबिंदू असेल तर फिकट रंग घ्या, टाके दिसतात. ज्यांना पीळ जमणार नाही त्यांनी मागची बाजू विणावी, बाही विणावी. तुकडे जोडायला आम्ही आहोत. पुरुष मंडळींनीही मागे राहू नये. गुंडे करणे, चिठ्ठ्या लिहिणे, मापे तपासणे ही कामे त्यांचीच.

हे स्वेटर घालणारी मुले आपल्याला कधी दिसणार नाहीत, त्यांच्या आयांचे आभारही येणार नाहीत. ऊसतोडीचे प्रश्न स्वेटरने सुटत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. पण पहाटे पाच वाजता मुलाला जी थंडी वाजते, ती त्या दिवसापुरती तरी आपल्या हातात आहे.

तयार स्वेटर दसऱ्यापूर्वी न्यासाच्या कार्यालयात द्यावेत. दिवाळीला गावी जाणाऱ्या सभासदांनी सामानात दोन-दोन स्वेटरना जागा द्यावी, ही विनंती. ज्यांना विणणे शक्य नाही त्यांनी एका स्वेटरपुरती लोकर आणून द्यावी. पुढच्या शनिवारी सुया घेऊन या, पहिले टाके आपण मिळून घालू.