लघवीची गोळी आणि कोरडवाहू शेतकरी

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात एका डॉक्टर कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, जेवणानंतर पुन्हा होईल. मधल्या वेळात मला हरभऱ्याच्या डाळीएवढ्या एका गोळीबद्दल बोलायचे आहे. गावात तिला लघवीची गोळी म्हणतात, कुणी पाण्याची गोळी म्हणतात. बीपीसाठी ती मिळते, पाय सुजले म्हणून मिळते, दम लागतो म्हणूनही मिळते. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, कामाची आहे. पण आपल्या उन्हात आणि आपल्या कामात बेसावधपणे घेतली तर धट्टाकट्टा माणूस बांधावर आडवा होतो.

आधी ती करते काय ते पाहू. मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेले बरेचसे मीठ पुन्हा अंगात ओढून घेते. गोळी हे ओढणे अडवते. मीठ लघवीवाटे बाहेर पडते आणि बैलामागे गाडी जावी तसे मिठामागे पाणी जाते. रक्तवाहिन्यांतला भार हलका होतो, सूज उतरते.

या गोळ्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या सौम्य, दिवसभर काम करणाऱ्या. त्या मुख्यतः बीपीसाठी. फ्रुसेमाइड ही जोरकस, साधारण सहा तासांत काम उरकणारी. ती हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारातल्या सुजेसाठी. स्पायरोनोलॅक्टोन तिसरी. पहिल्या दोन जाती अंगातले पोटॅशियम घालवतात, ही उलट साठवते. म्हणून शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल असे धरून चालू नका. बीपीच्या मिश्र गोळीच्या नावाशेवटी ‘एच’ असेल तर तीत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले असते. ते ठाऊक नसते आणि माणूस दुसऱ्या चिठ्ठीतली लघवीची गोळीही सोबत घेत राहतो.

स्वस्त म्हणजे हलकी, असे समजू नका. थायझाइड जातीची पहिली गोळी १९५८ साली बाजारात आली. अमेरिका-कॅनडातल्या ३३ हजारांहून जास्त बीपीच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका टाळण्यात जुनी क्लोरथॅलिडोन नव्या, महाग गोळ्यांपेक्षा कमी पडली नाही. जुन्या गोळीत फायदा थोडा, म्हणून तिची जाहिरात कुणी करत नाही. माल चांगला असून विकणारा नाही, हे दुखणे तुम्हाला मी काय सांगावे!

आता उन्हाचे बोलू. वखरणीच्या दिवसांत घामावाटे मीठ आणि पाणी जातच असते. त्यात गोळीही तेच काम करते. दोन्ही मिळून झाले की उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, पिंढऱ्यांत गोळे येतात, जीभ कोरडी पडते, लघवी थोडी आणि गडद होते. म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागते. घरचे म्हणतात, वयामुळे झाले. कित्येकदा ते रक्तातले सोडियम उतरल्यामुळे झालेले असते आणि त्यावर इलाज असतो. असे दिसले तर दवाखाना गाठा. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘मी उन्हात काम करतो, डोस हाच ठेवायचा का?’ न विचारता तो प्रश्न त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही. पाणी तहानेप्रमाणे प्या. पाण्याचे माप ज्या हृदयरोग्याला डॉक्टरांनी बांधून दिले आहे, त्याने ते पाळावे आणि उन्हाच्या दिवसांत त्या मापाबद्दलही विचारावे.

फवारणीच्या दिवसांत चक्कर आली तर मात्र गोळीवर ढकलू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. चकरेसोबत लाळ सुटली, घाम फुटला, उलटी झाली तर कपडे उतरवून अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन तडक रुग्णालयात जा.

हगवण-उलटी लागली तर लघवीची गोळी तशीच रेटू नका. अंगातले पाणी आधीच चालले आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ती थांबवा, सोबत टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल असेल तर त्याबद्दलही विचारा. जेवणपाणी पूर्ववत झाले की पुन्हा सुरू करा, कायमची सोडू नका. बीपी आहे म्हणून मीठ-साखरेचे पाणी घ्यायला लोक घाबरतात. हगवणीत ते घ्यायचेच असते. हृदय कमजोर असलेल्याने किती घ्यायचे ते विचारून घ्यावे.

मायबहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दवाखान्यात ती कुणी बोलत नाही. वेचणीला जायचे असले की बाया ही गोळी टाळतात. आडोसा नाही, एसटीत सोय नाही, सोबत पुरुषमाणसे. मग डॉक्टर म्हणतात, बीपी उतरत का नाही, आणि डोस वाढवतात. हा दोष औषधाचा नाही, आडोशाचा आहे. बायांनो, टाळता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थायझाइड जातीच्या गोळीने जादा लघवी होणे काही आठवड्यांत बरेच कमी होते. फ्रुसेमाइड असेल तर वेचणीहून आल्यावर दुपारी घ्यायची मुभा पुष्कळदा मिळते. रात्री मात्र नको, अंधारात उठून पडणे परवडत नाही. आणि गरोदरपणी हातापायांवर किंवा तोंडावर सूज आली तर लघवीची गोळी मुळीच नाही. आधी बीपी आणि लघवी तपासून घ्यायची.

अंगदुखीच्या गोळीचा धोका सगळ्यात जास्त आहे, कारण ती किराणा दुकानातही मिळते. दिवसभर वाकून वेचणी केली की पाठ मोडते, रात्री डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन पोटात जाते. त्या गोळ्या मीठ धरून ठेवतात, म्हणजे सकाळच्या गोळीच्या अगदी उलट काम करतात. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल यांपैकी एक आणि ही दुखण्याची गोळी, असे तिन्ही एकत्र झाले तर मूत्रपिंड बसू शकते. दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. आठवडी बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून दूर राहा. तशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, आणि त्यानेही अंग सुजते.

तसेच सलाईनचे. गळाठा आला की बाटली लावून घ्यायची आपल्याला हौस. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे ठेचा, लोणचे, पापड सोडायचे आणि दिवसाचे मीठ शिरेतून घ्यायचे! हृदय कमजोर असलेल्याला त्या बाटलीने रात्रीतून दम लागू शकतो. गरज कुणाला, हे तपासूनच ठरते.

पाय सुजले म्हणजे लघवीची गोळी, हेही खरे नाही. रक्त कमी असले तरी सूज येते. बीपीच्या अॅम्लोडिपीन गोळीने घोटे सुजतात, ती सूज लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही, मूळ गोळी बदलावी लागते. एकच पाय सुजला असेल तर हत्तीरोग, शिरेत रक्ताची गुठळी अशी निराळीच कारणे पाहावी लागतात. कारण कळल्याशिवाय गोळी म्हणजे माती न पाहता पेरणी.

ज्यांना हृदयासाठी ही गोळी आहे त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी वजन करावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणीच समजा आणि डॉक्टरकडे जा. घरी काटा नसेल तर दुकानातला चालेल. व्यापाऱ्याचा काटा खोटा असतो म्हणाल, तर रोज सारखाच खोटा असला म्हणजे झाले, आपल्याला फरक पाहायचा आहे.

गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासून घ्या, पुढे वर्षातून निदान एकदा. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवा, पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर सांगा. बीपी १४०/९० च्या खाली आले म्हणून गोळी बंद करू नका, गोळी चालू आहे म्हणून ते खाली आहे. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी दुकानात किंमत विचारा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य संस्थांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केले आहेत. गोळ्या संपल्या असे सांगितले तर चार जणांनी मिळून विचारा, आपल्याला ती सवय आहेच.

जेवण झाल्यावर मी बाहेर निंबाखाली बसतो. ज्यांच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे आहेत त्यांनी ती घेऊन या, दुखण्याच्या गोळ्यांसकट. नावे वाचून कोणती कशाची ते कागदावर लिहून देतो. तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.