संशोधन लिहिले, पण वाचले कोणी?



आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. विद्वानांनी केलेले संशोधन लोकांच्या नजरेस कसे यावे आणि इतर विद्वानांनी त्याचा आधार कसा घ्यावा, असा हा प्रश्न आहे. हा तर प्राध्यापकांच्या खोलीतला विषय, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे समोर बसलेल्या व्यापाऱ्यांना, वकिलांना आणि गृहिणींना वाटले तर त्यात नवल नाही. परंतु संबंध आहे, आणि तो आपल्या खिशाशी आहे. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा मुख्यतः आपण भरलेल्या करावर चालतात. तेथे विहीर खणली, पाणीही लागले, पण रहाट बसवायचा राहिला, तर शेत कोरडेच राहणार. संशोधन करणे म्हणजे विहीर खणणे, आणि ते योग्य माणसापर्यंत पोचविणे म्हणजे रहाट बसविणे. या रहाटाविषयी आज बोलावयाचे आहे.

उदाहरण आपल्याच माणसाचे घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपणांस इतिहासकार म्हणून ठाऊक आहे. ते मूळचे गणिती. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एक-दोन वर्षांच्या अंतराने, त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक होता आनुवंशिकतेविषयी. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे मोजण्याचे सूत्र त्यात दिले होते, आणि तो इंग्लंडमधील 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात आला. ज्यांना या सूत्राची गरज होती तीच मंडळी ते नियतकालिक वाचत होती. परिणाम असा की, आज जगात कोठेही गव्हाच्या किंवा भाताच्या जनुकांचा नकाशा काढणारा अभ्यासक 'कोसंबी सूत्र' हे नाव जाणतो.

दुसरा निबंध १९४३ साली 'जर्नल ऑफ दि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' या आपल्या देशी नियतकालिकात आला. यदृच्छेने बदलत जाणाऱ्या राशी सोप्या घटकांत कशा मांडाव्यात, याची एक मूलगामी रीत त्यात होती. पुढे फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तीच रीत मांडली, आणि ती त्या दोघांच्या नावाने जगभर रूढ झाली. आता कोठे काही ग्रंथकार तिच्यामागे कोसंबींचे नाव जोडू लागले आहेत. बुद्धी तीच, शहर तेच, काळही जवळजवळ तोच. पण एका निबंधाला वाचक भेटला आणि दुसऱ्याला भेटला नाही. संशोधनाचे भाग्य त्याच्या गुणावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कोणाच्या टेबलावर जाऊन पडते यावरही असते.

दुसरे उदाहरण देवळालीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे तेथील शाळामास्तर. कोणतीही चार आकडी संख्या घ्या; तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कोठूनही निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोचता. घरी जाऊन मुलांना करून दाखवा. मास्तरांनी हे गणित-परिषदेत मांडले, छापलेही. पण या 'अंकांच्या गमती' पुष्कळ पंडितांनी मनावर घेतल्या नाहीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तोवर मास्तरांनी सत्तरी गाठली होती. सोप्या भाषेत सांगणारा एक माणूस भेटला तर काय घडते, याचा हा पुरावा आहे.

आणि हे दुःख केवळ आपल्या देशाचे आहे असेही नाही. मेंडेलने वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६५ साली ब्रनो शहरातील निसर्गशास्त्र मंडळात वाचले, पुढल्या वर्षी ते छापून आले, त्याने सुट्या प्रती काढून विद्वानांकडे धाडल्याही. पण १९०० साल उजाडेपर्यंत त्यांचे खरे मोल कोणाच्या ध्यानात आले नाही. मेंडेल १८८४ सालीच वारला होता.

आता 'उल्लेख' म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत ज्याला सायटेशन म्हणतात, त्यालाच आम्ही उल्लेख म्हणतो. आपले विधान कोणाच्या आधारावर उभे आहे, हे लेखकाने नाव-गाव-पान देऊन सांगणे, म्हणजे उल्लेख. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपले जुने टीकाकार पूर्वसूरींचे मत आधी मांडीत आणि मग आपले सांगत. वकील मंडळींना तर हा रोजचा व्यवहार आहे. जुन्या निकालाचा आधार दिल्यावाचून त्यांचे पान हलत नाही. गंमत अशी की, विज्ञानातील उल्लेखांची सूची करण्याची कल्पना वकिलांकडूनच आली. कोणता निकाल पुढे कोणत्या खटल्यात उद्धृत झाला हे सांगणारी 'शेपर्ड'ची सूची अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत होते. ते पाहून यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी तशीच सूची असावी असे सुचविले, आणि १९६४ साली ती बाजारात आली. हेतू सरळ होता: एक निबंध हाती आला की त्याचा आधार पुढे कोणी घेतला हे समजावे, म्हणजे ज्ञानाचा धागा पुढे पुढे धरीत जाता येईल.

पण जेथे मोजदाद आली तेथे स्पर्धा आली. नियतकालिकाचा 'प्रभावांक' निघाला. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती उल्लेख मिळाले, त्यांना त्या लेखांच्या संख्येने भागावयाचे, इतके साधे ते गणित. ग्रंथपालाने कोणते नियतकालिक घ्यावे हे ठरविण्यास ते उपयोगी होते. २००५ साली हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने माणसाचाही अंक काढला. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख असतील, पण अकरा निबंधांना अकरा-अकरा नसतील, तर त्याचा अंक दहा. मग नेमणुका, बढत्या आणि अनुदाने या आकड्यांवर ठरू लागली.

आता हाच गज घेऊन आमच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे जा. १९१९ साली आरंभ झाला, १९६६ साली ते पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षांचे हे काम दोन वर्षांच्या मापाने मोजणारा माणूस वडाच्या झाडाला मेथीच्या वाफ्याचा हिशेब लावतो आहे. आणि मेंडेल? त्याचा अंक तर त्याच्या हयातीत कोणाच्या डोळ्यांतही भरला नसता.

आकडा हेच ध्येय झाले की आकड्याचा बाजार मांडला जातो. मित्रांनी एकमेकांचे उल्लेख करावयाचे, शिष्याला गुरूचे दहा निबंध उद्धृत करावयास लावावयाचे, एकाच निबंधाचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापावयाचे, हे प्रकार सर्वत्र चालतात. त्याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन, न तपासता, चार दिवसांत काहीही छापून देणारी नियतकालिके. आपल्या देशात पदवीसाठी आणि बढतीसाठी छापील निबंध सक्तीचे झाले, तेव्हा या दुकानांना बरकत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी केली. त्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी हजारावर पुण्यातील अभ्यासकांनी तपासली, आणि त्यांतील सुमारे ८८ टक्के कमअस्सल असल्याचे २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले. पुढे 'केअर' नावाची नवी यादी झाली, आणि २०२५ साली तीही बंद करून ही जबाबदारी संस्थांवर सोपविण्यात आली. यादी कोणीही केली तरी विवेक उसना मिळत नाही, एवढाच यातून बोध.

मग प्रामाणिक संशोधकाने करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी कराव्यात, आणि त्यांतील एकीतही लबाडी नाही.

पहिली गोष्ट नावाची. आमच्याकडे जोशी, पाटील आणि कुलकर्णी उदंड. त्यातून कोणी एक आद्याक्षर लिहितो, कोणी दोन. लग्नानंतर स्त्रियांचे नाव बदलते आणि त्यांचे आधीचे काम जणू दुसऱ्याच कोणाचे होऊन बसते. यासाठी २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा स्थानांचा क्रमांक विनामूल्य मिळतो. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. तो घ्यावा आणि प्रत्येक निबंधावर घालावा.

दुसरी गोष्ट मथळ्याची आणि सारांशाची. आज निबंध शोधला जातो तो शब्दांवरून. 'एक अभ्यास' अशा मोघम मथळ्याऐवजी कोणत्या नदीचे, कोणत्या पिकाचे, कोणत्या रोगाचे संशोधन आहे ते मथळ्यात यावे, आणि काय निष्पन्न झाले ते सारांशात.

तिसरी, दार उघडे ठेवणे. पदार्थविज्ञानातील मंडळी १९९१ पासून आपले निबंध 'अर्काइव्ह' या खुल्या भांडारात ठेवीत आली आहेत. पुष्कळ प्रकाशक लेखकाला आपल्या हस्तलिखिताची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवू देतात. नियम वाचून ती ठेवावी. कुलपात ठेवलेला निबंध कोण उद्धृत करणार?

चौथी, आपली आकडेवारी आणि साधने इतरांना देणे. ज्याच्या सामग्रीवर दुसऱ्याला उभे राहता येते, त्याचा उल्लेख आपोआप होतो.

पाचवी, योग्य वाचक शोधणे. कोसंबींच्या आनुवंशिकतेच्या निबंधाने जे साधले ते हेच. प्रभावांक पाहून दार ठोठावण्यापेक्षा, माझ्या प्रश्नावर काम करणारी दहा माणसे काय वाचतात हे पाहावे. त्यांना प्रत पाठवावी, पत्र लिहावे. आणि ज्यांच्याकडून आपण घेतले त्यांचा उल्लेख मोकळ्या मनाने करावा. ही देवघेव आहे.

एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. मराठीत लिहिणाऱ्याने काय करावे? जगातील मोठ्या उल्लेखसूच्या बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांच्या आहेत. आपल्या इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात एखाद्याने दहा वर्षे दप्तरे चाळून लिहिलेला लेख त्या सूच्यांच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यात जमा. म्हणून मराठी सोडा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जी माणसे आणि जी माती अभ्यासाचा विषय आहे, त्यांना कळेल अशा भाषेत संशोधन असणे हाही त्याचा प्रभावच आहे. मात्र मराठी लेखासोबत इंग्रजी सारांश द्यावा, लेखकाचे नाव व मथळा एकाच ठरीव पद्धतीने लिहावा, आणि जुने अंक शोधता येतील अशा रूपात संगणकावर आणावेत. आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी विद्वानांनी मराठी लेखांचे उल्लेख करण्याचा संकोच टाकावा. आपणच आपल्याला उद्धृत केले नाही तर दुसऱ्याने का करावे?

शेवटी आपणा श्रोत्यांचे काम. देशातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात कोणालाही फुकट वाचावयास मिळतात. आपल्या तालुक्यातील पाण्यावर, आपल्या बाजारपेठेवर, आपल्या शाळांवर काही लिहिले गेले आहे का, ते पाहा. गावातील महाविद्यालयाला वर्षातून एकदा विचारा, की यंदा तुम्ही काय शोधलेत, आणि आम्हांला कळेल असे सांगाल काय? नगरपालिकेच्या सभेत एखाद्या सभासदाने प्रबंधाचे पान दाखवून पाणीपुरवठ्याचा प्रश्न विचारला, तर तो उल्लेख कोणत्याही सूचीत चढणार नाही. पण तो लिहिणाऱ्या संशोधकाला त्याहून मोठे पारितोषिक कोणते?