जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पडवीत वडिलांची येझदी, जावा किंवा राजदूत अजून उभी आहे. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, आरएक्स 100 सुद्धा त्याच वर्षी थांबली. अशी गाडी किकला दाद देत नाही म्हणून गॅरेजमध्ये नेली, की पहिलं वाक्य ऐकू येतं, "बोअर करावं लागेल." माझी विनंती एवढीच, त्याआधी कॉम्प्रेशन मोजायला लावा. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. ते टप्पे संपले की नवी स्लीव्ह बसवणं आलं, आणि मूळ सिलिंडर गेला तो गेलाच.

प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून "फुस्स" ऐकणारे उस्ताद मला आवडतात, पण अंगठ्याला आकडा नसतो. गेज घ्या. गाडी चालू होत असेल तर इंजिन गरम करा, पेट्रोलचा कॉक बंद करा. काढलेला प्लग त्याच्या टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवा, पण भोकापासून लांब. उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. मग अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा. हे हमखास विसरलं जातं, आणि हवाच न मिळाल्याने चांगलं इंजिन नापास होतं. काटा चढायचा थांबेपर्यंत जोरात किक मारा. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, तेव्हा न्यूट्रल आधी तपासा.

ढोबळमानाने आरएक्ससारख्या इंजिनाला 120 पीएसआयच्या आसपास आकडा बरा, 90 च्या खाली गेला की शंका घ्यावी. जुन्या जावाचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, तिला हा निकष लावू नका. गेजची नळी लांब आणि झडप गेजच्या टोकाला असेल, तर आकडा कमीच येतो. महाबळेश्वरला तर हवाच समुद्रकाठापेक्षा साधारण 15 टक्के विरळ. म्हणून एकच गेज वापरा नि आकडा तारखेसह वहीत लिहा.

आकडा कमी आला तर चमचाभर टू-टी ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. बहुधा नुसत्या रिंगा बदलूनही भागतं, पण ते बोअर मोजून ठरवा. वाढला नाही तर हेड गॅस्केट, प्लगचे आटे किंवा पिस्टनला पडलेलं भोक पाहा. उलट, साचलेल्या कार्बनमुळे आकडा खोटाच चांगला दिसू शकतो.

आणि आकडा उत्तम, तरी गाडी रुसलेली? मग क्रँकच्या सीलकडे वळा. टू-स्ट्रोकला क्रँककेसही हवाबंद लागते, आणि गेज तिथलं काहीच सांगत नाही. क्लचकडचं सील गेलं तर पांढरा धूर निघतो नि गिअर ऑइल कमी होतं. दुसऱ्या बाजूचं गेलं तर आयडलिंग आपोआप वाढतं. यात सिलिंडरला हात लावायचं कारणच नाही.

शाळेच्या फाटकाजवळ दोन येझदी उभ्या दिसल्या. गेज माझ्या पिशवीत आहे. जेवणं झाली की मालकांनी भेटावं, किक मात्र तुम्हीच मारायची!