शेजाऱ्यांचा तंटा आणि पाचवा पंच

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एखादे राष्ट्र आपल्या शेजाऱ्याला धमकावू लागले, सरहद्दीवर फौजा आणून उभ्या करू लागले, तर बाहेरच्या सत्तांनी मध्ये पडावे की पडू नये, हा विषय आज आम्हांला दिलेला आहे. आमच्या काही बांधवांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, आपण बौद्ध, आपला मार्ग अहिंसेचा, युद्धाच्या गोष्टी आपल्याला कशाला? हे उत्तर आम्हांला पटत नाही. ज्याचा गळा आवळला जात आहे त्याच्याकडे पाठ करून बसणे म्हणजे अहिंसा, असे तथागतांनी कोठेही सांगितलेले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपल्या घराघरांत आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा त्यात आपण वाचला आहे. परंतु त्यातील एक तपशील वाचता वाचता निसटून जातो. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला तेव्हा सिद्धार्थ गौतम नुसता ‘युद्ध नको’ म्हणून खाली बसला नाही. आगळीक आपल्या माणसांनीही केली असे ऐकिवात आहे, तेव्हा आपणही निर्दोष नाही, हे त्याने भर सभेत सांगितले. आणि सूचना केली की, शाक्यांनी आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. सूचना मताला टाकली गेली व मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे.

आमच्या मते आजच्या विषयाचा सारा गाभा या पाचव्या माणसात आहे. बाहेरचा मध्ये यावा की नाही एवढेच विचारून भागत नाही. त्याला बोलावले कोणी, तो आला केव्हा, आणि त्या पाण्यावर त्याचा स्वतःचाच डोळा आहे की काय, हे विचारावे लागते. कुवेत आणि इराक यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. तेथे एका लहान देशावर एकाच मोठ्या शेजाऱ्याने दोनदा डोळे वटारले आणि दोन्ही वेळा बाहेरचे लोक निरनिराळे वागले.

१९ जून १९६१ रोजी कुवेत ब्रिटिशांच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतंत्र झाला. आठवडा उलटतो न उलटतो तोच इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी कुवेत हा इराकचाच भाग असल्याचे जाहीर केले. कुवेतच्या अमीरांनी मदत मागितली आणि १ जुलैला ब्रिटिश सैन्य तेथे उतरले. ब्रिटिश काही धर्मकार्याला गेले नव्हते, कुवेतच्या तेलात त्यांचा पैसा गुंतलेला होता. पण पुढचा भाग लक्षात घ्यावा. साम्राज्याची फौज आपल्या अंगणात नको म्हणून अरब लीगने स्वतःचे सैन्य पाठविले आणि काही महिन्यांतच ब्रिटिश माघारी गेले. लढाई झाली नाही. १९६३ साली कासिम यांची सत्ता उलथली गेली, त्याच वर्षी कुवेत संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि इराकनेही त्याचे स्वातंत्र्य मान्य केले.

आता दुसरी वेळ. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेन यांच्या इराकने इराणवर हल्ला केला. तेव्हा सुरक्षा समितीने जो पहिला ठराव केला त्यात इराकने माघार घ्यावी एवढे साधे वाक्यही नव्हते. आठ वर्षे ते युद्ध चालले आणि बड्या राष्ट्रांनी इराकला शस्त्रे विकली. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे स्वतःच्याच कुर्द प्रजेवर विषारी वायू सोडला गेला, हजारो माणसे मेली, तरी कोणी दरवाजे बंद केले नाहीत. गावातल्या दांडगटाला पहिल्या मारामारीत सगळ्यांनी पाठीशी घातले की दुसरी मारामारी तो कोणाच्या भरवशावर करतो, हे आपल्यासारख्या गावकुसाबाहेर वाढलेल्यांना कोणी समजावून सांगायला नको.

कर्जात बुडालेल्या इराकने जुलै १९९० मध्ये उघड धमक्या सुरू केल्या. कुवेत जादा तेल उपसून भाव पाडतो, रुमैला क्षेत्रातले आमचे तेल चोरतो, असे त्याचे म्हणणे. रणगाडे सरहद्दीकडे सरकू लागले. हीच वेळ बोलण्याची होती. पण २५ जुलैला बगदादमधील अमेरिकेच्या राजदूत सद्दाम यांना भेटल्या तेव्हा, अरबांच्या आपसांतील सीमातंट्यांत आमचे काही मत नाही, अशा अर्थाचे त्या बोलल्या. जेद्दाह येथील बोलणी १ ऑगस्टला फिसकटली आणि २ ऑगस्टला कुवेत गिळला गेला.

मग मात्र घाई झाली. त्याच दिवशी माघारीचा ठराव, चार दिवसांनी आर्थिक बहिष्कार, नोव्हेंबरात बळाच्या वापराला मंजुरी, १५ जानेवारी १९९१ ही मुदत, १७ जानेवारीला बॉम्बवर्षाव आणि २८ फेब्रुवारीला युद्धविराम. कुवेत मोकळा झाला हे खरे, आणि तो मोकळा व्हायलाच हवा होता. पण जे काम जुलैत चार स्पष्ट शब्दांनी कदाचित झाले असते ते पुढे हजारो प्रेतांवरून झाले. त्या गर्दीत आपलेही लोक सापडले होते. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय जॉर्डनच्या वाळवंटातून अम्मानला आणि तेथून विमानांनी मुंबईला आले, बरेचसे अंगावरच्या कपड्यांनिशी. पुढे अमेरिकेची लष्करी विमाने तेल भरायला मुंबईत उतरू लागली तेव्हा देशात गदारोळ झाला आणि सरकारला ते थांबवावे लागले.

मग बळाचा वापर बौद्धाने कधी मान्यच करू नये काय? बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम मानले नाही. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात त्यांनी वैशालीच्या सेनापतीचा संवाद दिला आहे. शांततेचे सर्व उपाय संपल्यावर सत्य व न्यायासाठी लढणाऱ्याला तथागत दोषी धरत नाहीत, हे त्याचे सार. ‘सर्व उपाय संपल्यावर’ हे शब्द विद्यार्थ्यांनी वहीत अधोरेखित करावेत. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी तिबेटचा विषय काढला होता. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ दिल्याने त्याची सरहद्द आपल्या सरहद्दीला येऊन भिडली, हे त्यांनी बजावले आणि पंचशील ओठांवर ठेवणाऱ्या माओंनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांशी तसे वागून दाखवावे, असा टोला हाणला. बौद्ध माणसाने शेजारच्या अन्यायाबद्दल गप्प राहायचे असते तर ते बोललेच नसते.

परंतु यावरून कोणीही कोठेही घुसावे असे ठरत नाही. २० मार्च २००३ रोजी अमेरिका व ब्रिटन इराकमध्ये शिरले तेव्हा कोणा शेजाऱ्याने हाक मारलेली नव्हती, सुरक्षा समितीची मंजुरी नव्हती, आणि राष्ट्रसंघाच्या तपासनिसांचे काम अपुरेच होते. ज्या शस्त्रांसाठी युद्ध केले ती सापडली नाहीत. असा पाचवा पंच नसतो. तो सहावा पक्षकार असतो. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा पंचाच्या गादीवर बसलेलाच मारेकरी निघाला. त्याने नकाराधिकार वापरून ठराव पाडला. भारत तटस्थ राहिला. आम्हांला ते रुचले नाही, हे या व्यासपीठावरून सांगण्यास हरकत नसावी.

शेवटी बहिष्काराबद्दल, कारण त्याला पुष्कळ जण अहिंसक उपाय समजतात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर घातलेला बहिष्कार कुवेत मुक्त झाल्यावरही चालू राहिला आणि मे २००३ मध्ये उठला. सद्दाम यांच्या ताटात त्याने काही कमी पडले नाही. गोरगरिबांची पोरे मात्र दूध आणि औषधांवाचून हाल भोगत राहिली. हे काम आपल्या हातून होणे नाही म्हणून राष्ट्रसंघाचे इराकमधील मदतकार्यप्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला.

कुवेतमध्ये नुकसान झालेल्यांना भरपाई देण्याची व्यवस्थाही राष्ट्रसंघाने १९९१ मध्ये केली. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या सामान्य माणसांचे दावे बड्या कंपन्यांच्या आधी घ्यायचे, असे ठरले. हे आम्हांला त्या सबंध प्रकरणातले सर्वांत न्याय्य काम वाटते. त्यात भारतीय कामगारांचेही दावे होते. इराकने शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये भरला, एकूण सुमारे ५२ अब्ज ४० कोटी डॉलर. पण डिसेंबर १९९६ पासून इराकला अन्नासाठी तेल विकायची मुभा मिळाली, तेव्हा त्या विक्रीतलेच शंभरातले तीस डॉलर या भरपाईकडे वळविले जात होते. म्हणजे आपल्या कामगाराच्या हाती पडलेला पैसा आणि बसऱ्याच्या पोराचे दूध, दोन्ही एकाच पिंपातून यायचे होते. यावर आपल्या अभ्यासवर्गात चर्चा व्हावी, अशी आमची सूचना आहे.